फुल बॉडी चेकअप ‘प्लस’, पॅन्क्रियाज प्रोफाइलसह : रक्त काढणं उत्तम, वाढीव पैसे वाया

घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका मोठ्या लॅबचं फुल बॉडी चेकअप आमच्या घरात घेतलं गेलं. मुलाने पुण्याहून बुक केलं, आम्हा दोघांसाठी आणि तासगावला राहणाऱ्या त्याच्या काका-काकूंसाठी. साध्या पॅकेजमध्ये हिमोग्राम, एचबीएवनसी, लिव्हर, किडनी, थायरॉइड, लिपिड एवढं असतं. त्याने ‘प्लस’ घेतलं. त्यात वरून ‘पॅन्क्रियाज प्रोफाइल’ (पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड), सीए १९-९ नावाचा ‘कॅन्सर मार्कर’, पोटाच्या सोनोग्राफीचं कूपन आणि रिपोर्ट आल्यावर आहारतज्ज्ञाचा फोन. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण नंतर मी इतरांची पॅकेजंही चाळली आणि नावं बदलली तरी माल साधारण तोच दिसला. हे मत त्या सगळ्यांसाठी धरावं.

रक्त काढण्याच्या सेवेला पाचपैकी पाच तारे. साध्या पॅकेजला चार. ‘प्लस’च्या वाढीव भागाला एक, आणि तोही सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये खरं लिहिलं म्हणून.

मी मिरजेच्या एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डला सिस्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं पोटाच्या पेशंटांत गेली. कोल्हापूर, बेळगाव, विजापूरकडून लोक मिरजेला येतात, आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे पेशंट आमच्याकडे पोचायचे तेव्हा बहुतेकांची ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असायची. जगभर हेच आहे: निदान होतं तेव्हा शंभरातल्या जेमतेम पंधरा-वीस जणांची गाठ काढण्याजोगी असते. मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले, वयाच्या ६३ व्या वर्षी, तेव्हापासून आपल्याकडे या आजाराचं नाव घराघरांत ठाऊक झालं. भीतीही आली. त्या भीतीला उत्तर म्हणून ‘पॅन्क्रियाज प्रोफाइल’ विकलं जात असेल, तर ते उत्तर खरं आहे का, हे सांगणं मला भाग आहे.

आधी चांगलं ते सांगते. सकाळी ठरल्या वेळेला रक्त न्यायला लॅबचा मुलगा आला. विशीतला असेल. ओळखपत्र दाखवलं, हात धुवायला जागा विचारली, माझ्यासमोर हातमोजे बदलले. यांच्या शिरा सापडत नाहीत, वॉर्डातल्या जुन्या सिस्टरही दोनदा टोचतात. याने पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, घाई केली नाही आणि पहिल्या टोचणीत रक्त आलं. पिवळ्या टोपणाची ट्यूब आधी, मग जांभळी, शेवटी साखरेची करडी, क्रम बरोबर. जांभळी ट्यूब हळुवार उलटीसुलटी केली, खळखळून हलवली नाही. लेबल घरातच, आम्हाला नाव वाचून दाखवून लावलं. “काकू, कापूस दाबून धरा, चोळू नका,” असं सांगून बर्फाच्या डब्यात ट्यूबा ठेवून गेला. इतकं नीट काम मोठ्या दवाखान्यांतही रोज दिसत नाही. रिपोर्ट त्याच संध्याकाळी आले.

साधं पॅकेज मी कुणालाही सुचवीन. त्यातल्या लिव्हरच्या तपासणीतच बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज असतं. पित्ताची नळी कुठे अडायला लागली की हे दोन वर सरकतात, कधी कधी डोळे पिवळे दिसायच्या आधीच. एचबीएवनसी तीन महिन्यांची साखर सांगतं. स्वादुपिंडाबद्दल रक्तातून कळण्यासारखं जे काही आहे, त्यातलं बरंच या साध्या भागात येऊन जातं. जास्तीचे पैसे ज्यासाठी घेतले, तिथे मात्र काही हाती लागत नाही.

‘पॅन्क्रियाज प्रोफाइल’ म्हणजे अमायलेज आणि लायपेज, इतकंच. स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा हे दोन पाचकरस रक्तात उसळतात, तिपटीच्या वर जातात. पोट धरून गडाबडा लोळणाऱ्या पेशंटचं लायपेज मी रात्री-अपरात्री लॅबला पाठवलं आहे, आणि तिथे ती तपासणी सोन्याची आहे. पण कॅन्सरची गाठ मुकाट वाढत असते. तेव्हा अमायलेज-लायपेज बहुतेकदा नॉर्मलच राहतात. म्हणजे रिपोर्टवर हिरव्या अक्षरांत ‘पॅन्क्रियाज प्रोफाइल : नॉर्मल’ असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, चला, तिकडची काळजी मिटली. त्या ओळीला तसा काही अर्थ नाही, आणि हे लॅबच्या डॉक्टरांना पुरतं ठाऊक असतं.

सीए १९-९ या रक्तातल्या द्रव्याचंही तसंच. ३७ च्या आत असलं की नॉर्मल. पण माणसांच्या रक्तात लुईस नावाचा एक गट असतो. ज्यांच्यात तो नसतो अशी शंभरातली पाच ते दहा माणसं हे द्रव्य जवळपास तयारच करत नाहीत. त्यांची गाठ कितीही मोठी होवो, आकडा खालीच. उलट बाजूने पाहिलं तर पित्तनळीत खडा अडकला, स्वादुपिंडाला सूज आली, लिव्हर खराब झालं, तरी हा आकडा वर जातो. कॅन्सर नसताना. ज्याचं निदान झालंय त्याच्या उपचाराचा गुण येतोय का हे पाहायला डॉक्टर सीए १९-९ वापरतात, तिथे ती योग्य आहे. निरोगी माणसांतून आजारी हुडकायला, म्हणजे चाळणी करायला, ती बनलेली नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने, म्हणजे अशा तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, २०१९ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट सांगितलं, की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण माणसांची या कॅन्सरसाठी चाळणी तपासणी करू नये. फायद्यापेक्षा तोटा जास्त. ज्यांच्या घरात आई-वडील-भावंडांपैकी एकाहून जास्त जणांना हा आजार झाला, किंवा बीआरसीएटू सारखा जनुकीय दोष निघाला, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मोठ्या केंद्रात जाऊन एमआरआय आणि एण्डोस्कोपिक (दुर्बिणीतून केलेल्या) सोनोग्राफीने लक्ष ठेवून घ्यावं. ते काम घरपोच पॅकेजचं नाही.

आता तासगावचं सांगते.

भावजींची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीतच त्यांचं रक्त गेलं. रिपोर्ट आला त्या रात्री फोन.

“वहिनी, बघितला काय रिपोर्ट? शुगर तेवढी निघाली. बाकी सगळं हिरवंय.”

मी रिपोर्ट उघडला. एचबीएवनसी आठच्या पुढे. मागच्या वर्षी बँकेच्या विम्यासाठी तपासलं होतं तेव्हा साफ नॉर्मल. वय ६१, घरात कुणाला मधुमेह नाही. पॅन्क्रियाज प्रोफाइल नॉर्मल, सीए १९-९ नॉर्मल.

“वजन किती हो तुमचं?”

“उतरलंय जरा. बरंच झालं की! त्या लॅबच्या बाईंचा फोन आलता, त्याबी म्हणाल्या, छान, असंच कमी करत ऱ्हावा.”

मागून जाऊबाईंचा आवाज आला, “अक्का, पँटी सगळ्या ढगळ झाल्यात ओ. पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली. आणि जेवण कुठं? अर्धी भाकरी खाऊन उठत्यात.”

पाठीचं विचारलं. पाठ छाटणीनं धरलीय म्हणाले. दिवसा मान वर करून, हात उचलून काम, त्यामुळे पटण्यासारखं होतं. मी विचारलं, झोपल्यावर कमी होते का? तर म्हणाले, उताणं पडलं की जास्तच, म्हणून रात्री कॉटवर पुढे वाकून बसतो थोडा वेळ, मग बरं वाटतं.

हे बसणं मला ठाऊक आहे. रात्रपाळीत वॉर्डाची फेरी मारताना उशी पोटाशी घट्ट धरून, पुढे वाकून बसलेले पेशंट मी पाहिलेत. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पसरलेलं असतं. तिथलं दुखणं बेंबीच्या वर जाणवतं आणि सरळ पाठीत जातं. आडवं झालं की ते दाबलं जातं, वाकलं की सुटतं. श्रमाने धरलेली पाठ विश्रांतीने हलकी होते. विश्रांतीत वाढणारी पाठ वेगळी.

आणि साखर. पन्नाशीनंतर अचानक लागलेला मधुमेह बहुतेकांना मधुमेहच असतो, हे आधी सांगते, म्हणजे वाचून कुणी घाबरायला नको. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह लागलेल्या शंभर जणांत साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा कॅन्सर निघाला. पण तो एक ओळखायची खूण आहे. नेहमीच्या मधुमेहात साखर चढते तेव्हा वजन चढतं असतं किंवा स्थिर असतं. इथे साखर चढते आणि वजन उतरतं. बेसुमार वाढलेल्या साखरेनेही वजन उतरतं, म्हणून यावरून निदान होत नाही. पण वय, वजनातला बदल आणि साखरेतला बदल या तीनच गोष्टींवर डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक गुणपद्धत बसवली आहे, एण्डपॅक म्हणतात तिला, आणि कुणाचा सीटी आधी करायचा हे त्यावरून ठरवायला मदत होते.

म्हणून या पॅकेजवर माझा खरा राग आहे तो इथे. या कंपनीकडे भावजींचं वय होतं, साखर होती, आजचं वजन होतं. बुकिंगच्या फॉर्मवर उंची-वजन विचारतात, बीएमआय काढायला. सहा महिन्यांपूर्वीचं वजन विचारायला एक रकाना लागला असता. तो नाही. फोनवर आहारतज्ज्ञ म्हणून जी मुलगी बोलली तिने तरी “वजन तुम्ही ठरवून कमी केलंत का?” एवढं विचारायचं. तिने शाबासकी दिली आणि प्रोटीन पावडरचं नाव सांगितलं. एकसष्ट वर्षांच्या, भूक मेलेल्या, नव्याने साखर लागलेल्या माणसाला वजन उतरल्याबद्दल शाबासकी! तिच्यासमोर जो कागद ठेवला असेल तो तिने वाचला, तिला मी दोष देत नाही. तो कागद लिहिणाऱ्याने एकदा गॅस्ट्रोच्या, म्हणजे पोटविकारांच्या, ओपीडीत बसावं.

सोनोग्राफीचं कूपन भावजींनी वापरलं होतं. शेवटच्या ठळक ओळीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’. घरात तेवढंच वाचलं गेलं. वर बारीक अक्षरात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग दिसला, मधला भाग आणि शेपटी आतड्यातल्या वायूमुळे दिसली नाही. साध्या सोनोग्राफीचं हे नेहमीचं दुखणं आहे, कारण समोर जठर आणि आतडी हवेने भरलेली असतात. पित्तनळी फुगली असेल तर सोनोग्राफी चटकन सांगते. शेपटीतली गाठ तिच्या नजरेतून सुटू शकते. तेव्हा पोटाची सोनोग्राफी करून आणलीत की शेवटच्या ओळीवर थांबू नका. पॅन्क्रियाजसमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘दिसलं नाही’ लिहिलं असेल तर तो भाग तपासलाच गेलेला नाही.

मी भावजींना दुसऱ्या दिवशी मिरजेला बोलावलं. गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी पोट तपासलं, पाच मिनिटं नीट प्रश्न विचारले आणि स्वादुपिंडासाठीचा खास सीटी लिहून दिला. यात शिरेतून औषध देऊन ठरावीक सेकंदांनी फोटो काढतात. ‘पोटाचा सीटी’ एवढंच सांगितलं तर तो असाच होईल असं नाही, म्हणून चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असावं लागतं. गाठ निघाली. मधल्या भागात, शेजारच्या रक्तवाहिनीला लागून. लिव्हरमध्ये पसरलेली नाही. एण्डोस्कोपिक सोनोग्राफीने, म्हणजे दुर्बीण तोंडातून जठरात नेऊन तिथून, तुकडा काढला. आता केमो चालू आहे. गाठ आक्रसली तर ऑपरेशन. जाऊबाई रोज मला विचारतात, अक्का, लवकर कळलं ना? मी त्यांना सांगते, ऑपरेशनची आशा आहे एवढ्या वेळेत कळलं.

भावजींची गाठ मधल्या भागात, म्हणून त्यांना कावीळ झाली नाही. पण या गाठींपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात असतात, आणि पित्ताची नळी तिथूनच जाते. गाठ लहान असतानाच नळी दाबली जाते आणि माणूस पिवळा होतो. म्हणजे डोक्याची गाठ स्वतःच ओरडून सांगते, आणि तिथेच आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ जातो. कावीळ झाली की लोक माळ घालायला जातात. अमुक गावात मंगळवारी औषध देतात, नाकात थेंब सोडतात, हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पिवळं उतरवून दाखवतात. यावर विश्वास का बसला तेही मला समजतं. तरुण पोरांना दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेक वेळा आपोआप चार-सहा आठवड्यांत उतरते, आणि श्रेय माळेला जातं. साठीच्या माणसाची, न दुखता, ताप न येता, चढत जाणारी कावीळ त्या जातीची नाही. लघवी गडद तपकिरी, शौचाचा रंग शाडूच्या मातीसारखा, आणि अंगाला अशी खाज की पेशंट रात्रभर पाठ भिंतीला घासतो. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबायची वाट बघत महिना घालवून आलेले पेशंट मी दाखल करून घेतले आहेत. तेव्हा नुसता सोनोग्राफीचा प्रोब पहिल्या आठवड्यात पोटावर ठेवला असता तरी फुगलेली नळी दिसली असती. डोक्याच्या गाठीसाठी व्हिपल ऑपरेशन असतं, अ‍ॅलन व्हिपल या सर्जनच्या नावाने, १९३५ पासून. मोठं ऑपरेशन आहे, पण आज मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, ज्या ठिकाणी ते सातत्याने होतं अशा केंद्रांत पेशंट चालत घरी जातात. त्याआधी पेशंट तिथपर्यंत पोचायला हवा.

बाकीच्या खुणा थोडक्यात, कारण त्या मोघम असतात आणि एकेकट्या असताना बहुतेकदा साध्याच निघतात. तेलकट, फिकट, पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहणारं शौच: पाचकरस आतड्यात पोचत नाही, तेल पचत नाही. नव्याने लागलेली आणि पावडरी-गोळ्यांनी न हटणारी ‘अ‍ॅसिडिटी’. वर्षानुवर्षं ताब्यात असलेली साखर कारणाशिवाय बिघडणं. पायाच्या शिरेत अचानक गुठळी. यातलं एखादं दिसलं म्हणजे कॅन्सर, असं मुळीच नाही. वजन उतरतंय आणि त्याच्या जोडीला यातलं काहीही आहे, तर मात्र थांबायचं नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांना नियमच घालून दिलाय: चाळिशीपुढच्या माणसाला कावीळ झाली तर तातडीने तज्ज्ञाकडे, साठीपुढच्या माणसाचं वजन उतरतंय आणि सोबत पाठदुखी, पोटदुखी, मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ किंवा नवा मधुमेह यांपैकी काहीही असेल तर दोन आठवड्यांच्या आत सीटीचा विचार. हा नियम मी कागदावर लिहून आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात लावला आहे. तंबाखू-सिगारेट ओढणारे, जुनी स्वादुपिंडाची सूज असलेले आणि घरात हा आजार झालेले, यांनी तो आणखी गांभीर्याने घ्यावा.

लॅबला मी दोन गोष्टी लेखी कळवल्या. ‘पॅन्क्रियाज प्रोफाइल’च्या ओळीखाली ‘या तपासणीने कॅन्सर आहे-नाही हे कळत नाही’ असं मराठीत छापा. आणि बुकिंगच्या वेळी सहा महिन्यांपूर्वीचं वजन विचारा. साखर नव्याने वाढलेली आणि वजन उतरलेलं असेल तर आहारतज्ज्ञाऐवजी डॉक्टरांनी फोन करा. सूचना संबंधित विभागाकडे पाठवली, असं उत्तर आलं. पुढे काही कळलं नाही.

पुन्हा घ्यायचं का? साधं पॅकेज घेऊ, आणि रक्त काढायला तोच मुलगा आला तर आनंदाने हात पुढे करू. ‘प्लस’ घेऊ नका. फरकाच्या पैशांत घरात एक डिजिटल वजनकाटा येतो. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी चहाच्या आधी वजन करून कालनिर्णयच्या त्या चौकोनात आकडा लिहा, घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचा. ठरवून कमी न करता सहा महिन्यांत पाच टक्के उतरलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर ती पानं आणि ताजा एचबीएवनसीचा कागद घेऊन एमडी फिजिशियनकडे जा आणि पाठ, भूक, शौच, लघवीचा रंग यांबद्दल त्यांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगा.